द ट्वेंटी इयर्स क्रायसिस

'द ट्वेंटी इयर्स क्रायसिस' (शब्दशः अर्थ : वीस वर्षांचा पेचप्रसंग) हा ब्रिटिश मुत्सद्दी, पत्रकार व इतिहासकार एडवर्ड हॅलेट कार (२८ जून १८९२ – ३ नोव्हेंबर १९८२) यांचा आंतरराष्ट्रीय राजकारणावरील इंग्रजी ग्रंथ होय. तो १९३९ मध्ये लंडनच्या मॅकमिलन प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. शीर्षकातील वीस वर्षे म्हणजे १९१९ ते १९३९ हा दोन महायुद्धांमधील काळ. उपशीर्षकात कार यांनी ग्रंथाला आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासाचा परिचय असे म्हटले असले, तरी प्रत्यक्षात ते त्या वेळच्या ब्रिटिश विचारविश्वावरचे आरोपपत्र आहे. राज्यशास्त्रातील वास्तववादी संप्रदायाच्या पायाभूत ग्रंथांत त्याची गणना होते. याच ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत म्युनिक कराराचे समर्थन होते आणि दुसऱ्या आवृत्तीत ते गाळण्यात आले. त्यामुळे तो जितका अभ्यासला गेला तितकाच वादग्रस्तही ठरला.

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या पुढाकाराने राष्ट्रसंघाची कल्पना मूर्त स्वरूपात आली आणि १९२० मध्ये संघाचे कामकाज सुरू झाले. सामूहिक सुरक्षितता, लवाद, निःशस्त्रीकरण आणि जागतिक लोकमताचे दडपण यांच्या बळावर युद्ध टाळता येईल, असा विश्वास त्या काळच्या उदारमतवादी विचारवंतांमध्ये रूढ होता. अमेरिकेच्या सिनेटने व्हर्सायचा तह फेटाळल्यामुळे खुद्द विल्सन यांचा देशच संघाबाहेर राहिला. तरीही हा विश्वास ढळला नाही. १९२८ च्या पॅरिस करारान्वये अनेक राष्ट्रांनी धोरणाचे साधन म्हणून युद्धाचा त्याग केल्याचे जाहीर केले. त्यानंतर तीनच वर्षांनी जपानने मांचुरिया घेतला. १९३५ मध्ये इटलीने ॲबिसिनियावर (आजचा इथिओपिया) आक्रमण केले तेव्हा राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध घातले, मात्र त्यांतून खनिज तेल वगळले. मे १९३६ मध्ये आदिस अबाबा पडले आणि जुलैमध्ये निर्बंधही उठवण्यात आले.

विद्यापीठीय विषय म्हणून आंतरराष्ट्रीय राजकारणाचा जन्मही याच आशावादातून झाला. वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे १९१९ मध्ये या विषयाचे जगातील पहिले अध्यासन स्थापन झाले. उदारमतवादी खासदार डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या दोन भगिनींनी महायुद्धात बळी पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ त्यासाठी २०,००० पौंडांची देणगी दिली. पुढे अध्यासनाला विल्सन यांचे नाव देण्यात आले. पहिले प्राध्यापक आल्फ्रेड झिमर्न हे राष्ट्रसंघाचे निष्ठावंत पुरस्कर्ते होते. देणगीदारांच्या कल्पनेत हे अध्यासन म्हणजे युद्धविरोधी कार्याचीच एक शाखा होती.

लेखक

कार यांचे शिक्षण लंडनमधील मर्चंट टेलर्स शाळेत आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले. अभिजात ग्रीक व लॅटिन हे त्यांचे विषय होते. १९१६ मध्ये ते ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यात रुजू झाले आणि १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत कनिष्ठ अधिकारी म्हणून त्यांनी काम केले. व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर अन्याय केला, हे त्यांचे मत तेव्हापासूनचे. १९२५ ते १९२९ या काळात ते लाटव्हियाची राजधानी रीगा येथील वकिलातीत होते. कामाचा व्याप बेताचाच असल्याने तेथे त्यांनी रशियन भाषा आत्मसात केली. या अभ्यासातून दस्तयेवस्की (१९३१) आणि बाकुनिन (१९३७) यांची चरित्रे, तसेच निर्वासित रशियन क्रांतिकारकांवरील 'द रोमँटिक एक्झाइल्स' (१९३३) हे पुस्तक सिद्ध झाले. पश्चिम युरोपच्या उदारमतवादाकडे बाहेरून पाहण्याची दृष्टी आपल्याला या रशियन लेखकांमुळे मिळाली, असे ते पुढे सांगत.

लंडनला परतल्यावर राष्ट्रसंघाचे कामकाज त्यांच्याकडे होते. संघाची भाषणे एका बाजूला आणि राष्ट्रांची वर्तणूक दुसऱ्या बाजूला, हे अंतर त्यांनी खात्याच्या कागदपत्रांतून रोज पाहिले. १९३६ मध्ये सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन ते ॲबरिस्टविथच्या विल्सन अध्यासनावर आले. डेव्हिस यांना ही निवड पसंत नव्हती आणि त्यांची शंका रास्त ठरली. राष्ट्रसंघाच्या विचाराचा प्रसार व्हावा म्हणून निर्माण केलेल्या जागेवर बसूनच कार यांनी त्या विचारावर सर्वांत कठोर ग्रंथ लिहिला.

आशय

ग्रंथात १४ प्रकरणे आहेत. आरंभी कार किमयागाराचा दृष्टान्त देतात. शिशाचे सोने व्हावे ही इच्छा आधी निर्माण होते, शिशाचे गुणधर्म तपासण्याची बुद्धी नंतर येते. कोणत्याही शास्त्राच्या बाल्यावस्थेत असेच घडते, इच्छा विचाराच्या पुढे धावते. युद्ध नको या तीव्र इच्छेतून जन्मलेले आंतरराष्ट्रीय राजकारणाचे शास्त्र अजून या किमयागिरीच्या अवस्थेतच आहे, असे त्यांचे निदान आहे. या अवस्थेला ते 'युटोपियावाद' म्हणतात आणि तिच्यासमोर 'वास्तववाद' उभा करतात.

मराठी पाठ्यपुस्तकांत या जोडीचे भाषांतर सहसा 'आदर्शवाद व वास्तववाद' असे केले जाते. त्यात कार यांच्या शब्दाची धार बोथट होते. आदर्श बाळगणे हा मराठीत गुण आहे. 'युटोपिया' म्हणजे मात्र कुठेही अस्तित्वात नसलेला स्वप्नलोक, आणि तेथे राहणारा विद्वान कार यांच्या लेखी गुणी नसून भाबडा आहे. त्यामुळे 'स्वप्नदर्शित्व' हा पर्याय मूळ आशयाला अधिक जवळचा वाटतो.

ग्रंथाचा गाभा म्हणजे 'हितसंबंधांच्या मेळा'च्या सिद्धान्ताची चिकित्सा. प्रत्येकाने आपले खरे हित साधले की सर्वांचे हित आपोआप साधते, ही कल्पना अठराव्या शतकातील अर्थशास्त्रातून आली. बाजारपेठा विस्तारत होत्या तोवर ती ब्रिटनपुरती खरीही वाटली. खुला व्यापार ब्रिटनच्या फायद्याचा होता, म्हणून तो जगाच्या फायद्याचा मानला गेला. शांततेच्या बाबतीतही तेच घडले. ज्यांना हवे ते मिळालेले आहे त्या राष्ट्रांना आहे ती स्थिती टिकवायची असते. म्हणून ती शांततेला सर्वांचे समान हित म्हणतात आणि स्थिती बदलू पाहणाऱ्याला शांततेचा शत्रू ठरवतात. हा मेळ एकोणिसाव्या शतकात साधला गेला तो 'अपात्र' ठरवलेल्या आफ्रिकी व आशियाई लोकांच्या बळीवर, असे कार स्पष्ट शब्दांत लिहितात. भारतीय वाचकाला या युक्तिवादात फारसे नावीन्य वाटणार नाही, कारण साम्राज्याचा लाभ दोन्ही बाजूंना सारखाच होतो हा दावा दादाभाई नौरोजी यांनी त्याआधीच आकडेवारीनिशी खोडून काढला होता. ब्रिटिश परराष्ट्र खात्यातून आलेल्या माणसाने तो लिहिणे हे मात्र नवे होते.

ही चिकित्सा करताना कार जर्मन समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांच्या ज्ञानाच्या समाजशास्त्राचा आणि अमेरिकन धर्मचिंतक राइनहोल्ड नीबूर यांच्या विचारांचा आधार घेतात. विचार हा विचार करणाऱ्याच्या स्थानापासून आणि हितापासून अलग नसतो. सार्वत्रिक म्हणून मांडलेली नीतितत्त्वे बहुधा प्रबळांच्या धोरणाचेच प्रतिबिंब असतात. वास्तववादाचे काम हा बुरखा फाडण्याचे आहे.

परंतु ग्रंथ येथे थांबत नाही, आणि ही गोष्ट अनेक संक्षिप्त परिचयांतून सुटून जाते. वास्तववादाच्या मर्यादांवर कार यांनी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. निखळ वास्तववादात निश्चित ध्येय नसते, भावनेला आवाहन नसते, नैतिक निवाड्याचा अधिकार नसतो आणि कृतीला आधार नसतो, अशा चार उणिवा ते दाखवतात. एक स्वप्नलोक वास्तववादाच्या शस्त्राने पाडल्यावर दुसरा उभारावाच लागतो आणि कालांतराने त्यावरही तेच शस्त्र चालवावे लागते. निरोगी राजकीय विचारात दोन्ही अंगे हवीत, असे त्यांचे म्हणणे आहे.

पुढील भागात सत्तेचे तीन प्रकार सांगितले आहेत : लष्करी सत्ता, आर्थिक सत्ता आणि लोकमतावरील सत्ता. तिसऱ्या प्रकारात नभोवाणी, चित्रपट व वृत्तपत्रे यांच्या द्वारे चालणाऱ्या प्रचाराचा विचार आहे. हे तिन्ही प्रकार विश्लेषणापुरते वेगळे असून व्यवहारात एकजीव असतात, असे कार नमूद करतात. राष्ट्रराज्य हा मानवी समूहाचा अंतिम घटक आहे, हे गृहीतकही त्यांना मान्य नव्हते. शेवटच्या प्रकरणात ते अधिक मोठ्या घटकांची आणि आर्थिक पुनर्रचनेची शक्यता तपासतात. हा भाग तुलनेने विस्कळीत आहे.

शांततामय बदलाचा प्रश्न

जगाची घडी बदलत्या बलाबलाप्रमाणे कधी ना कधी बदलावीच लागते. मग ती युद्धाविना कशी बदलावी, हा ग्रंथाच्या उत्तरार्धातील कळीचा प्रश्न आहे. कार यांचे उत्तर औद्योगिक संबंधांच्या साम्यावर आधारलेले आहे. कामगारांनी संप आणि संपाची धमकी यांच्या बळावर सवलती मिळवल्या. हळूहळू मालकांनाही वेळीच तडजोड करणे शहाणपणाचे वाटू लागले आणि वाटाघाटींची पद्धत रुजली. असंतुष्ट राष्ट्रे व संतुष्ट राष्ट्रे यांच्यातही बळाची जाणीव आणि न्यायाची काहीएक समान भावना यांच्या मिश्रणातून असेच घडू शकेल, असे ते मांडतात. ही समान भावना नसेल तर प्रक्रिया चालत नाही, हेही ते मान्य करतात.

पहिल्या आवृत्तीत या विवेचनाला ताजे उदाहरण होते ते म्युनिकचे. २९ सप्टेंबर १९३८ रोजी ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी व इटली यांच्या प्रमुखांची म्युनिक येथे बैठक भरली आणि चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हा प्रदेश जर्मनीला देण्याचे ठरले. अलीकडच्या काळात शांततामय बदलाच्या सर्वांत जवळ जाणारी घटना, असे कार यांनी या वाटाघाटींचे वर्णन केले होते. युरोपातील बलाबल पाहता चेकोस्लोव्हाकियाने प्रदेश गमावणे अटळच असेल, तर ते युद्धाऐवजी टेबलाभोवतीच्या चर्चेतून घडणे बरे, असाही त्यांचा युक्तिवाद होता.

या साम्यातील दोष उघड आहे. कामगार आणि मालक यांच्या तडजोडीत किंमत मालक मोजतो आणि तो बैठकीत हजर असतो. म्युनिकमध्ये किंमत मोजली ती चेकोस्लोव्हाकियाने, आणि त्याच्या प्रतिनिधींना बैठकीत स्थान नव्हते. शिवाय संप करणाऱ्याला कारखान्यातील वाटा हवा असतो, तर हिटलरला वाटा नको होता. १५ मार्च १९३९ रोजी जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले, तेव्हा हा ग्रंथ अजून छापखान्यात गेलाही नव्हता. तरीही म्युनिकविषयीची वाक्ये तशीच राहिली. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने युद्ध पुकारले त्या वेळी ग्रंथाची मुद्रिते तयार होती, असे कार यांनीच प्रस्तावनेत सांगितले आहे. अर्पणपत्रिका मात्र भविष्याकडे पाहणारी आहे : येणाऱ्या शांततेच्या शिल्पकारांना.

दुसरी आवृत्ती युद्धानंतर निघाली. तिची प्रस्तावना नोव्हेंबर १९४५ मधील आहे. बदललेल्या संदर्भात दुर्बोध झालेले शब्दप्रयोग आपण सुधारले, गैरसमज निर्माण करणारी काही वाक्ये बदलली आणि काळाच्या ओघात वेगळ्या प्रकाशात दिसू लागलेल्या चालू वादांवरील दोन-तीन उतारे काढून टाकले, असे कार तीत म्हणतात. काढलेले उतारे कोणत्या वादावरचे हे त्यांनी तेथे सांगितलेले नाही. म्युनिकच्या समर्थनाचा भाग त्यांतच गेला. लेखकाला आपल्या ग्रंथात सुधारणा करण्याचा पूर्ण अधिकार असतो. परंतु दुसऱ्यांच्या विचारांमागील हित आणि काळ उकलून दाखवणे हेच ज्या ग्रंथाचे प्रयोजन, त्याच्या लेखकाने स्वतःच्या विचारावरील काळाची खूण शांतपणे पुसून टाकावी, हे अनेक अभ्यासकांना खटकले आहे. दुसरी बाजू अशी की १९३८ मध्ये म्युनिकचे स्वागत करणारे कार एकटे नव्हते. बहुसंख्य ब्रिटिश वृत्तपत्रांनी व जनतेनेही ते केले होते. ग्रंथातील चिकित्सा म्युनिकच्या उदाहरणावाचूनही उभी राहते, हेही खरे आहे.

समकालीन टीका

ज्यांना कार यांनी स्वप्नदर्शी म्हटले ते बहुतेक हयात होते आणि त्यांनी उत्तरे दिली. 'द ग्रेट इल्यूजन'चे लेखक व शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी नॉर्मन एंजल, लेनर्ड वुल्फ आणि झिमर्न यांनी ग्रंथावर कडाडून टीका केली. वुल्फ यांचा आक्षेप विशेष मार्मिक होता. राष्ट्रसंघ अयशस्वी ठरला म्हणून त्याला स्वप्नरंजन म्हणायचे, तर अनुनयाचे धोरणही अयशस्वीच ठरले. मग ते 'वास्तव' कसे? तत्त्वज्ञ सुझन स्टेबिंग यांनी १९४१ च्या 'आयडियल्स अँड इल्यूजन्स' या पुस्तकात कार यांच्या संज्ञांमधील संदिग्धता दाखवली. अर्थशास्त्रज्ञ फ्रीड्रिख हायेक यांनी 'द रोड टू सर्फडम' (१९४४) मध्ये कार यांना सर्वंकषवादाकडे झुकलेल्या ब्रिटिश विचारवंतांत गणले.

सर्वांत परिणामकारक टीका आली ती वास्तववादी गोटातूनच. हान्स मॉर्गेनथाऊ हे नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेले विद्वान. १९४८ मध्ये 'वर्ल्ड पॉलिटिक्स' या नियतकालिकातील लेखात त्यांनी कार यांच्या चिकित्सक सामर्थ्याची प्रशंसा केली, पण सत्तेकडे पाहण्यासाठी सत्तेबाहेरचा नैतिक आधार त्यांच्याजवळ नाही, असे दाखवून दिले. असा आधार नसलेला विचारवंत ज्याच्या हाती बळ दिसेल त्याच्या बाजूने नकळत सरकतो, हा त्यांचा मुद्दा होता.

कार यांच्या पुढील वाटचालीने या टीकेला काही पुरावा पुरवला. १९४१ ते १९४६ या काळात ते लंडनच्या 'द टाइम्स' दैनिकाचे साहाय्यक संपादक होते. त्यांच्या अग्रलेखांचा रोख युद्धोत्तर सामाजिक पुनर्रचनेकडे आणि सोव्हिएट संघाशी सहकार्याकडे असे. पूर्व युरोपातील सोव्हिएट प्रभावक्षेत्र मान्य करावे, हे त्यांचे मत होते. १९३८ मध्ये जर्मनीला जे देऊ केले तेच आता रशियाला, असे विरोधक म्हणू लागले. मात्र सत्तेपुढे ते सदैव वाकले असेही म्हणता येत नाही. डिसेंबर १९४४ मध्ये ब्रिटिश सैन्य अथेन्समध्ये ग्रीक डाव्या प्रतिकारदलाशी लढत असताना त्यांनी आपल्याच सरकारच्या धोरणावर अग्रलेखांतून टीका केली आणि पंतप्रधान चर्चिल यांचा रोष ओढवून घेतला.

प्रभाव

दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः अमेरिकेत, हा विषय विद्यापीठांत झपाट्याने विस्तारला आणि कार यांचा ग्रंथ वास्तववादाच्या आरंभीच्या टप्प्यावर नेऊन ठेवण्यात आला. युद्धपूर्व काळात आदर्शवादी व वास्तववादी यांच्यात 'पहिला महावाद' झाला आणि त्यात वास्तववाद्यांनी विजय मिळवला, ही कथा पाठ्यपुस्तकांतून स्थिरावली. पीटर विल्सन यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९९० च्या दशकात दाखवले की असा एकसंध आदर्शवादी संप्रदाय प्रत्यक्षात नव्हता. अत्यंत भिन्न मतांच्या लेखकांना कार यांनी एका नावाखाली गोळा केले होते. ज्यांचा पराभव झाला असे मानले जाते त्यांची ओळखही बहुतेक विद्यार्थ्यांना पराभव करणाऱ्याच्या पुस्तकातूनच होत राहिली, ही मोठी विचित्र गोष्ट आहे.

कार यांना नंतरच्या वास्तववाद्यांत बसवणेही अवघड जाते. मॉर्गेनथाऊ सत्तेच्या ओढीचे मूळ मानवी स्वभावात शोधतात, केनेथ वॉल्ट्झ आंतरराष्ट्रीय व्यवस्थेच्या रचनेत. कार यांचा भर मात्र इतिहासावर आणि आर्थिक संबंधांवर आहे. त्यामुळे रॉबर्ट कॉक्स यांच्यासारख्या चिकित्सक परंपरेतील लेखकांनीही त्यांना आपल्या पूर्वसूरींत स्थान दिले आहे. हेडली बुल यांनी ग्रंथाच्या प्रकाशनानंतर तीस वर्षांनी, १९६९ मध्ये, त्याचा फेरविचार केला. राष्ट्रांचा मिळून एक समाज असतो आणि त्याचे काही नियम खरोखर पाळले जातात, ही बाजू कार यांच्या मांडणीत हरवते, असा त्यांचा निष्कर्ष होता. अमेरिकन वास्तववादी जॉन मिअरशायमर यांनी २००४ मध्ये ॲबरिस्टविथ येथे कार स्मृती व्याख्यान देताना ब्रिटिश विद्यापीठांत आता पुन्हा आदर्शवाद्यांचेच वर्चस्व असल्याची तक्रार केली. त्यावर बरीच उत्तरे प्रत्युत्तरे झाली.

स्वतः कार या विषयापासून दूर गेले. १९४७ मध्ये त्यांनी ॲबरिस्टविथचे अध्यासन सोडले. १९५५ पासून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात होते. १९५० ते १९७८ या काळात सोव्हिएट रशियाच्या इतिहासाचे १४ खंड त्यांनी प्रसिद्ध केले. १९६१ मधील व्याख्यानांवर आधारलेले 'व्हॉट इज हिस्टरी?' हे त्यांचे छोटे पुस्तक इतिहासाच्या विद्यार्थ्यांत अधिक परिचित आहे. इतिहास वाचण्यापूर्वी इतिहासकार पाहावा, हे त्यातील सूत्र 'द ट्वेंटी इयर्स क्रायसिस'मधील मानहाइमच्या धाग्याचेच पुढचे रूप आहे. उतारवयात त्यांनी आंतरराष्ट्रीय संबंधांच्या विद्याशाखेविषयी साशंक मत व्यक्त केले होते. इंग्रजी भाषिक देशांतील हा अभ्यास म्हणजे बळाच्या जागेवरून जग कसे चालवावे याचाच अभ्यास आहे, असे त्यांना वाटे.

आवृत्त्या

पहिली आवृत्ती १९३९ ची आणि सुधारित दुसरी आवृत्ती १९४६ ची. त्यानंतरची पुनर्मुद्रणे सामान्यतः दुसऱ्या आवृत्तीच्या संहितेवरून झाली आहेत. २००१ मध्ये मायकल कॉक्स यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह ग्रंथ पुन्हा प्रकाशित झाला. कार यांचे प्रमाणभूत चरित्र जॉनथन हॅस्लम यांनी लिहिले असून ते १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. वाचनालयांत सहसा मिळणाऱ्या प्रतींत म्युनिकविषयीचे मूळ उतारे आढळत नाहीत. ते पाहण्यासाठी १९३९ ची प्रत किंवा कार यांच्यावरील संशोधनपर लेखन मिळवावे लागते.